रस्त्यावर झुकलेलं झाड आणि कायदा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिना अर्धा सरला की सोसायट्यांच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो: कुंपणाबाहेर, रस्त्यावर गेलेल्या फांद्या. कुणी म्हणतं, तोडून टाका. कुणी म्हणतं, हात लावलात तर गुन्हा दाखल होईल. आणि मग पहिला वादळी पाऊस येईपर्यंत काहीच होत नाही. आमच्या सोसायटीची सेक्रेटरी म्हणून सहा वर्षं मी हे जवळून पाहिलं. पुढे आसपासच्या सोसायट्यांचे अर्जही लिहून देऊ लागले. त्या काळात लोकांनी पुन्हा पुन्हा विचारलेले हे प्रश्न आहेत. उत्तरं मुख्यतः महाराष्ट्रातल्या शहरांसाठी आहेत. गावाकडचं आणि गोव्याचं पुढे वेगळं दिलं आहे. कुणी जखमी झालं असेल किंवा जीव गेला असेल, तर हे वाचून थांबू नका, वकिलाकडे जा.

झाड आमच्या आवारात आहे, पण निम्मं रस्त्यावर झुकलंय. जबाबदारी आमची की महापालिकेची?

तुमची. फांदी कुठवर गेली हे कायदा आधी पाहत नाही. खोड ज्या जमिनीतून वर आलं, ती जमीन कुणाची आणि कुणाच्या ताब्यात, हे पाहतो. फांदी रस्त्यावर आली म्हणून झाड महापालिकेचं होत नाही. जमीन अजून बिल्डरच्याच नावावर आहे, कन्व्हेयन्स (जमीन सोसायटीच्या नावावर करून देणं) झालेलं नाही, असं बऱ्याच सोसायट्या सांगतात. त्यानं सुटका होत नाही, कारण आवाराचा ताबा आणि देखभाल तुमच्याकडे आहे.

हा प्रश्न किती मोठा आहे ते मुंबईच्या वृक्षगणनेवरून कळतं. शहरात सुमारे 29 लाख 75 हजार झाडं मोजली गेली. त्यांतली निम्म्याहून जास्त खासगी आवारांत आहेत, आणि रस्त्याच्या कडेची म्हणून नोंदलेली जेमतेम 1 लाख 85 हजार. म्हणजे रस्त्यावरून जाताना डोक्यावर दिसणारी कितीतरी सावली कुणाच्या ना कुणाच्या कुंपणाआतून आलेली असते.

‘संरक्षित झाड’ म्हणजे नेमकं कोणतं? वड-पिंपळच का?

असा गैरसमज फार आहे. महाराष्ट्राच्या नागरी भागात ‘महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975’ लागू आहे, आणि त्यात निवडक झाडांची यादी नाही. तुमच्या दारातला शेवगाही परवानगीशिवाय तोडता येत नाही. 2021 च्या दुरुस्तीनं 50 वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना हेरिटेज ट्री असा वेगळा दर्जा दिला. त्यांच्या बाबतीत छाननी जास्त कडक असते. पण संरक्षण सगळ्यांनाच आहे.

आम्हाला झाड तोडायचं नाहीये, फक्त फांद्या छाटायच्या आहेत. तरी परवानगी?

हो. या कायद्यात ‘झाड तोडणं’ याच्या व्याख्येत जाळणं, कापणं आणि झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणं हे सगळं येतं. त्यामुळे माळ्याला चारशे-पाचशे रुपये देऊन रविवारी सकाळी उरकून घेतलेली छाटणीही अडचणीत आणू शकते. एकेक झाड हा स्वतंत्र गुन्हा धरला जातो, म्हणजे एका दिवसात पाच झाडं बोडकी केली तर पाच गुन्हे. खोडाला खिळे ठोकून पाट्या लावणं हीसुद्धा इजाच आहे.

कायदाच झाडाला हात लावू देत नाही. मग फांदी पडून कुणाला लागलं तर आम्ही जबाबदार कसे?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून याचं उत्तर सविस्तर देते.

झाड संरक्षित आहे म्हणून त्याच्या मालकाची काळजी घेण्याची जबाबदारी संपत नाही. कायदा इतकंच सांगतो की परवानगी घेऊन करा. ‘करू नका’ असं तो कुठेच म्हणत नाही. उलट, झाड जिवाला किंवा मालमत्तेला धोकादायक असेल, रहदारीला अडथळा करत असेल, मेलेलं किंवा रोगट असेल, असं वृक्ष प्राधिकरणाचं (या कायद्याखाली परवानगीचा निर्णय घेणाऱ्या समितीचं) मत झालं, तर परवानगी नाकारता येत नाही, असं याच कायद्याच्या कलम 8 मध्ये लिहिलेलं आहे. तेव्हा ‘कायद्यानं आमचे हात बांधले होते’ हा बचाव अर्जच न करणाऱ्याच्या तोंडी टिकत नाही.

आता न्यायालयं याकडे कसं पाहतात, ते सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निकालांवरून समजून घ्या. दोन्ही महापालिकांविरुद्धचे आहेत, पण तत्त्व तुम्हा-आम्हालाही लागू पडतं.

पहिला राजकोटचा. 1975 साली पायी कचेरीकडे निघालेल्या एका माणसावर रस्त्याकडेचं झाड कोसळलं आणि तो गेला. वारा नाही, वादळ नाही. 1997 साली न्यायालयानं महापालिकेला जबाबदार धरलं नाही. झाड कुजलंय हे तिला ठाऊक होतं किंवा ठाऊक असायला हवं होतं, असं दाखवणारा पुरावा समोर नव्हता. प्रत्येक झाडाची सतत तपासणी करत राहण्याचं अमर्याद ओझं न्यायालयानं टाकलं नाही.

दुसरा दिल्लीचा. 1960 च्या दशकात स्कूटरवरून जाणाऱ्या एका तरुणाच्या डोक्यात रस्त्याकडेच्या झाडाची फांदी पडली आणि तो वाचला नाही. हे झाड वाळून कोळ झालेलं होतं. पानं नव्हती, साल गळून गेली होती, येणाऱ्या-जाणाऱ्या कुणालाही ते दिसत होतं. 1999 साली न्यायालयानं महापालिकेला जबाबदार ठरवलं.

दोन्ही ठिकाणी झाडच पडलं, माणूसच गेला. फरक पडला तो एकाच गोष्टीनं: धोका दिसत होता का, आणि दिसत असताना काय केलं? म्हणून सोसायटीच्या बैठकीत मी दरवेळी हेच विचारते, ‘हे झाड धोकादायक आहे असं आपल्यापैकी कुणी कधी म्हटलंय का?’ एखाद्या सभासदानं पत्र दिलं असेल, वॉचमननं सांगितलं असेल, महापालिकेची नोटीस येऊन पडली असेल, तर त्या दिवसापासून ‘आम्हाला माहीत नव्हतं’ म्हणायची सोय उरत नाही.

महापालिकेची नोटीस आलीये की फांद्या छाटून घ्या. मग वेगळी परवानगी कशाला?

पावसाळ्यापूर्वी खासगी आवारांना अशा नोटिसा जातात, आणि तो अधिकार आयुक्तांना आहे. पण नोटीस म्हणजे काम करा असा आदेश. किती कापायचं, कोणती फांदी, कुणाच्या देखरेखीखाली, हे उद्यान विभागाच्या लेखी परवानगीत येतं. दोन्ही कागद एकत्र ठेवा. खर्च तुमचाच.

अर्ज कुठे आणि कसा करायचा?

तुमच्या प्रभाग कार्यालयातल्या उद्यान विभागाकडे, वृक्ष अधिकाऱ्यांच्या नावे. नगरपालिका किंवा नगरपंचायत असेल तर मुख्याधिकाऱ्यांकडे. बऱ्याच ठिकाणी ऑनलाइन अर्जही चालतो, पण मी तरी एक प्रत हाती देऊन दुसऱ्या प्रतीवर पोच घेतेच.

‘फांद्या रस्त्यावर आल्या आहेत, कृपया योग्य ती कार्यवाही करावी’ अशा मोघम अर्जाचं काहीही होत नाही. आमच्या कुंपणालगत एक जुना सोनमोहर होता. त्याच्यासाठी पहिल्या वर्षी मी असाच अर्ज दिला आणि तो कुठल्याशा फाइलीत गेला. दुसऱ्या वर्षी नीट लिहिला: झाडाची जात, खोडाचा घेर, कोणत्या बाजूची फांदी, ती रस्त्यापासून किती उंचीवर, खाली काय आहे. खाली शाळेच्या बसचा थांबा होता. तो थांबा फोटोत यावा म्हणून मी पलीकडच्या फुटपाथवर जाऊन फोटो काढला. ‘रहदारीला अडथळा’ आणि ‘जिवाला धोका’ हे शब्द मुद्दाम वापरले, कारण ते कायद्यातले शब्द आहेत. आठवड्याभरात वृक्ष अधिकारी पाहणीला आले. त्यांनी हातोडीनं खोडावर ठिकठिकाणी ठोकून पाहिलं. एका बाजूनं ढब्ब असा पोकळ आवाज आला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. दोन वर्षं आम्ही फक्त फांदीकडे बघत होतो.

अर्ज केला, पण उत्तरच नाही. किंवा नकार आला. पुढे?

अर्ज मिळाल्यापासून 60 दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाल्याचं मानलं जाईल, अशी तरतूद कायद्यात आहे. पण निव्वळ तिच्या भरवशावर करवत चालवू नका. मुदत संपल्यावर ‘अमुक तारखेला काम करणार आहोत’ असं लेखी कळवा आणि त्याचीही पोच घ्या. झाड पूर्ण तोडायची परवानगी असेल तर हातात कागद पडल्यावरही 15 दिवस थांबावं लागतं. त्याआधी झाडावर नोटीस लावली जाते आणि वर्तमानपत्रात जाहिरात येते. लोकांना हरकत घेता यावी म्हणून हा वेळ दिलाय, आणि तो मला पूर्ण योग्य वाटतो.

नकार आला तर कारण लेखी मागा. पाहणी अहवाल माहिती अधिकाराखाली मिळतो. 2017 च्या जुलैत चेंबूरमध्ये एका महिलेवर नारळाचं झाड कोसळून तिचा मृत्यू झाला. ते झाड धोकादायक असल्याची तक्रार आधी झालेली होती आणि ते तोडायला परवानगी मिळाली नव्हती. अशा वेळी रहिवाशांच्या हाती असलेला कागद फार महत्त्वाचा ठरतो. तुम्ही धोका दाखवलात, तज्ज्ञ म्हणून नेमलेल्या यंत्रणेनं ‘झाड ठीक आहे’ असं लिहून दिलं, तर प्रश्न त्या यंत्रणेलाही विचारला जातो.

आणखी एक मार्ग आहे, तो फारसा कुणाला माहीत नसतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 152, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं 133. पडण्याच्या बेतात असलेलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना इजा करू शकणारं झाड काढायचा, टेकू द्यायचा आदेश कार्यकारी दंडाधिकारी मालकाला देऊ शकतात. त्या कलमात ‘झाड’ हा शब्दच आहे. प्रांत किंवा तहसीलदार कार्यालयात अर्ज द्यायचा. शेजारच्या बंद बंगल्यातलं झाड रस्त्यावर कललंय आणि मालक परदेशात आहे, अशा ठिकाणी याचा खरा उपयोग होतो.

फांदी अर्धी मोडून लोंबतेय. 60 दिवस थांबायचं?

अजिबात नाही. अग्निशमन दल, 101. मुंबईत महापालिकेच्या आपत्कालीन कक्षाचा 1916 हा क्रमांक आहे. फोन करा, तोवर खालची जागा दोरी बांधून बंद करा, गाड्या हलवायला सांगा. फोटो काढा, फोनची वेळ लिहून ठेवा. स्वतः शिडी लावून चढू नका. लोंबणारी फांदी कोणत्या बाजूला सुटेल ते सांगता येत नाही.

धोका आहे हे आमच्यासारख्यांना कसं कळणार?

तज्ज्ञासारखं नाही, पण पुष्कळ कळतं. पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा झाडाभोवती सावकाश चक्कर मारा. शेंड्याकडच्या फांद्या पालवी फुटायच्या दिवसांतही वाळक्या आहेत का? बुंध्याशी भूछत्रासारखी कडक बुरशी उगवलीये का? ती दिसली तर आतलं लाकूड कुजत असण्याची शक्यता मोठी. एका बाजूची माती फुगून वर आलीये, भेग पडलीये? वाळवीची माती खोडावर चढलीये? झाड पूर्वीपासून तिरकं असेल तर ते बहुधा तसंच वाढलंय, काळजी कमी. पण यंदाच कललं असेल तर त्याच दिवशी फोन.

गुलमोहराकडे जास्त लक्ष ठेवा. मुळं उथळ, लाकूड ठिसूळ, आणि फांद्या आडव्या लांबवर जातात. नारळाच्या बाबतीत वाळक्या झावळ्या आणि नारळ वेळच्या वेळी उतरवून घेणं हीच देखभाल. फुटपाथवर पडलेला नारळ जीव घेऊ शकतो.

रस्त्याच्या बाजूच्याच तेवढ्या फांद्या कापून टाकल्या तर?

झाडाची सर्वांत जास्त वाट अशा छाटणीनं लागते. एका बाजूचा भार काढला की झाड दुसऱ्या बाजूला ओढलं जातं, म्हणजे तुमच्याच इमारतीकडे. छाटणी समतोल हवी. फांदी जिथे खोडाला जुळते तिथे फुगीर कडं असतं, त्याच्या लगत बाहेरून काप घ्यायचा. हातभर खुंट सोडला की तो वाळतो, त्यातून पाणी आणि किडे आत शिरतात आणि पाच-सहा वर्षांनी तीच जागा मोडते. शेंडा उडवून झाडाचा दांडका करणाऱ्या ठेकेदाराला तिथल्या तिथे थांबवा. परवानगीच्या कागदावर काय लिहिलंय ते त्याला वाचून दाखवा.

आणि आधी वर बघा. पावसाळ्याच्या तोंडावर बगळे, रातबगळे, पाणकावळे रस्त्यावरच्याच मोठ्या झाडांवर वसाहत करून राहतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 खाली संरक्षित पक्ष्यांची अंडी नष्ट करणं किंवा घरटी विस्कटणं हे शिकारीत मोडतं. घरटी असतील तर उद्यान विभागाला सांगून काम पुढे ढकला. फांदी खरोखरच धोकादायक असेल तर वन विभागाला कळवून तेवढीच उतरवा. हे सगळं टाळायचं असेल तर छाटणीचा अर्ज डिसेंबर-जानेवारीत द्या. मेमध्ये अर्ज देऊन घाई करण्यात पक्ष्यांचं नुकसान होतं आणि आपलंही.

फुटपाथवरचं महापालिकेचं झाड आमच्या गाडीवर पडलं. भरपाई मिळेल?

विमा आधी पाहा. कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसी असेल तर झाड पडून झालेलं नुकसान साधारणपणे मिळतं. नुसत्या थर्ड पार्टीत नाही. गाडी हलवण्याआधी फोटो आणि पंचनामा.

महापालिकेकडून भरपाई हवी असेल तर निष्काळजीपणा दाखवावा लागतो, आणि तिथे वरचे दोन निकाल आठवा. आधीच्या तक्रारींचे क्रमांक मिळाले तर दावा उभा राहतो. महापालिकांच्या कायद्यांत दाव्याआधी एक महिन्याची लेखी नोटीस आणि सहा महिन्यांच्या आत दावा अशी मुदत घातलेली आहे. झाड राज्य सरकारच्या खात्याचं असेल तर नोटीस दोन महिन्यांची. मृत्यू झाला असेल तर वारसांना 1855 च्या प्राणघातक अपघात कायद्याखाली दावा करता येतो, त्याला मुदत दोन वर्षांची. पण घरात दुःख असताना महिने कसे सरतात कळत नाही, म्हणून निदान नोटीस तरी लगेच पाठवा. नातेवाइकांपैकी कुणीतरी हे काम अंगावर घ्यायला हवं.

सेक्रेटरीवर किंवा चेअरमनवर फौजदारी गुन्हा होऊ शकतो का?

होऊ शकतो. निष्काळजीपणामुळे मृत्यू, भारतीय न्याय संहितेचं कलम 106, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. प्रत्येक झाड पडलं की गुन्हा होतोच असं नाही, पण लेखी तक्रारी दाबून ठेवल्या असतील तर पोलीस तेच विचारतात. कमिटीच्या इतिवृत्तात झाडाचा विषय, ठराव आणि अर्जाचा क्रमांक नोंदवा.

विजेच्या तारांत फांद्या गेल्यात. वीज कंपनीची माणसं विचारतही नाहीत, कापून जातात.

वीज कायदा, 2003 च्या कलम 68 मध्ये तारांना अडथळा करणाऱ्या झाडांबद्दल तरतूद आहे. कंपनीच्या अर्जावरून कार्यकारी दंडाधिकारी किंवा नेमलेलं प्राधिकरण झाड काढायला सांगू शकतं. झाड आधीचं आणि लाइन नंतरची असेल तर झाडमालकाला भरपाई मिळू शकते. तारेजवळची फांदी तुमच्या माळ्याकडून कधीही कापून घेऊ नका. आधी लाइन बंद करायला सांगा.

झाडं इतकी पडतात ती म्हातारी झाली म्हणून का?

काही. पण बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक आणि काँक्रीट भरलं, केबलसाठी चर खणताना मुळं तोडली, की धट्टंकट्टं झाडही कोलमडतं. राष्ट्रीय हरित लवादानं 2013 साली दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायचा आदेश दिला होता. आपल्या दारासमोर रस्त्याचं काम निघालं की मुकादमाशी बोला, बुंध्याभोवती माती मोकळी ठेवायला सांगा, ऐकलं नाही तर फोटोसह तक्रार करा. तुटलेल्या मुळांचे फोटो पुढे जबाबदारी ठरवताना फार उपयोगी पडतात.

गावाकडे काय नियम आहे? आणि गोव्यात?

नागरी हद्दीबाहेर महाराष्ट्र झाडे तोडणे (विनियमन) अधिनियम, 1964 आहे. त्यात मात्र ठरावीक जातींची अनुसूची आहे: साग, चंदन, खैर, आंबा, फणस, चिंच, मोह, हिरडा, जांभूळ, ऐन वगैरे. रस्त्याकडेची जुनी झाडं रस्ता ज्याचा त्याच्या अखत्यारीत, म्हणजे सार्वजनिक बांधकाम विभाग, जिल्हा परिषद किंवा महामार्ग यंत्रणा. शेतातलं झाड रस्त्यावर कललं असेल तर जबाबदारी शेतमालकाची.

गोव्यात 1984 चा वृक्ष संरक्षण कायदा आहे आणि त्याची अंमलबजावणी वन खातं करतं. तिथे 2016 साली नारळाला या कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून वगळलं होतं, त्यावर मोठा गदारोळ झाला आणि पुढे माडाला पुन्हा संरक्षण मिळालं, राज्यवृक्षाचा मानही. तेव्हा घरामागचा माड रस्त्यावर वाकला असेल तर तो झाडच नाही असं समजून तोडू नका, अर्ज करा.

झाड तोडावंच लागलं तर बदली झाडं किती लावायची?

2021 च्या दुरुस्तीप्रमाणे तोडलेल्या झाडाचं जितकं वय, तितकी. तेवढी जागा आवारात नसते, मग वृक्ष अधिकारी दुसरी जागा सुचवतात. आवारात लावताना कुंपणापासून निदान दहा फूट आत लावा आणि वर तारा नाहीत ना ते बघा. आमचा सोनमोहर अखेर गेला. आतून कमरेएवढ्या उंचीपर्यंत पोकळ निघाला. त्याच्या जागी काही लावलं नाही, कारण ती जागाच चुकीची होती. आत, पाण्याच्या टाकीजवळ एक ताम्हण आणि एक बहावा लावलाय. ताम्हणाला यंदा पहिल्यांदा फुलं आली. बहाव्याला अजून काठीचा आधार आहे, आणि पावसाळ्यात ती काठी मी दर रविवारी हलवून बघते.